जुन्या कार्डाला चालेल असा डबा

५ जाने., सोमवार

आज पुन्हा नेट तुटलं. चार वीसला. इतिहासाचे सर बोलतायत, मी टाइप करतेय, आणि एकदम खाली कोपऱ्यात तो पिवळा त्रिकोण. सहा मिनिटं. सरांना पत्ताच नाही, ते आपले पुढे. पाच मुली सहा मिनिटं त्यांचे नुसते ओठ हलताना बघत बसल्या. ऐकू येत नाही त्यांना, म्हणून तर मला ठेवलंय. सर बोलतील ते मी टाइप करायचं, ते घरोघरी मुलींच्या स्क्रीनवर उमटतं, त्या वाचतात. बारावीचं वर्ष आहे पोरींचं.

वर्ग संपल्या संपल्या केतकी मॅडमचा फोन. आम्ही जे घरून टाइप करतो त्यांचं सगळं संस्थेत त्या बघतात. तिशीच्या आतबाहेर, बोलणं मुख्याध्यापिकेचं. "सुजाताताई, उद्यापासून तुमच्या वर्गाला आपण सोबत आपोआप लिहिणारं मशीनही लावतोय. खाली तुमची ओळ, वर मशीनची. एकतीसला तुलना करू आणि एकच ठेवू." म्हटलं, मशीन चुका करतं. "करतं ना. पण मशीन गायब होत नाही, ताई."

गायब म्हणे.

मिलिंद फर्स्ट शिफ्ट करून आला, डबा सिंकमध्ये टाकला, "डोळे का लाल?" कांदा, म्हटलं. बावीस वर्षांत या माणसाला कांदा कधी चिरतात ते कळलेलं नाही, ते एक बरं आहे.

६ जाने.

केबलवाला आला. लाइन तपासली, खिडकीबाहेर वाकून वायर ओढून बघितली. लाइन ओके. राउटर गेलाय म्हणे, दम राहिला नाही त्यात. "नवा घ्या मॅडम, बाजारातून घ्या. आमच्याकडून घेतलात तर असलाच मिळेल." प्रामाणिक माणूस.

आज तीनदा तुटलं. तेवढा वेळ मुलींनी मशीनची ओळ वाचली असणार. असणारच.

७ जाने.

मि. म्हणतो लॅपटॉपच बदल. सगळेच म्हणतात. भाऊ नागपूरहून फोनवर तेच म्हणतो. अरे बाबांनो, बदलता आला असता तर मी काय हौस म्हणून अकरा वर्षांचा हत्ती पाळलाय?

एकदा लिहूनच ठेवते, म्हणजे दर वेळी सांगायला नको. वकीलसाहेबांकडे एकोणीस वर्षं टाइप केलं. ते गेले, ऑफिस बंद झालं, त्यांच्या घरच्या वहिनींनी हा लॅपटॉप मला दिला. यातच मराठी टायपिंगचा तो प्रोग्रॅम आहे, जुन्या टाइपरायटरसारख्या कळांचा. बाजूला पेनड्राइव्हसारखी छोटी किल्ली खोचली की चालतो, आणि जुन्या विंडोजवरच चालतो. बनवणारी कंपनी केव्हाच बंद. नव्या लॅपटॉपवर तशाच कळा मिळतात म्हणून भाच्याच्या लॅपटॉपवर लावून बघितल्या. दहाबारा कळा इकडच्या तिकडे. त्र, श्र, रफार, सगळं भलतीकडे. सावकाश टाइप करायला काही नाही. पण सर सावकाश बोलत नाहीत. बोटं जातात जुन्या जागी, उमटतं भलतंच, ते खोडेपर्यंत सर दोन वाक्यं पुढे. नागपूरला टायपिंगच्या क्लासात मशीनवर कापड टाकून शिकवलं होतं, कळा बघायच्याच नाहीत. आता एक्कावन्नाव्या वर्षी ही बोटं मी कुठे बदलून आणू?

नेटची वायर थेट लॅपटॉपला लावायची, तर ते भोक मोडलंय. तीन वर्षांपूर्वी मि. वायरला अडखळला. वायर सुटली नाही, भोकच सुटलं.

मोबाइलवरचं नेट घरात एक काडी. संपलं पुराण.

८ जाने., गुरुवार

सुटी टाकली मि.ने. सकाळी दोघं तपकीर गल्लीत. दुकानात दुकानदारापेक्षा पाट्या जास्त. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' 'नुसती चौकशी पाचनंतर.' दुकानदार चष्म्यावरून बघत, "लॅपटॉपमध्ये वायफायचं कार्ड कुठलं आहे?"

मला ठाऊक नाही. मि.लाही नाही. पण तसं म्हणेल तर तो मि. कसला. "कुठलं का असेना, तुम्ही सगळ्यात भारी द्या. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं."

"भारी आहे म्हणून जुळेलच असं नाही हो. लग्न ठरवताना पत्रिका बघता ना?"

"आमच्यात पत्रिका बघत नाहीत," मि. ताठ.

"मग घ्या."

घेतला. सहा अँटेना. उलटा पडलेला खेकडाच. घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसले होते, स्कूटरवर मागे. वर्गाला उशीर नको म्हणून आज जुन्यावरच चालवलं. दोनदा तुटलं.

९ जाने.

दिसतच नाही.

मि.च्या फोनला दिसतो, माझ्या फोनला दिसतो, समोरच्या जोशीकाकूंच्या टीव्हीला दिसतो. माझ्या लॅपटॉपला सोडून साऱ्या बिबवेवाडीला दिसतो. यादीत वरच्यांचं नाव येतं, खालच्यांचं येतं, गल्लीपलीकडच्या डेंटिस्टचं येतं. आपलं नाही. दहा वेळा बंद करून चालू केला. शेजारी नेऊन ठेवला, अगदी लॅपटॉपला टेकवून. नाही म्हणजे नाही.

मि. म्हणाला, "तुझा लॅपटॉपच खराब आहे." मी म्हटलं, "तुझी अक्कल."

१० जाने.

हेल्पलाइन. पाऊण तास तेच संगीत, मग एक मुलगा हिंदीत. रिस्टार्ट करा. केला. फोनला दिसतो का? दिसतो. मग राउटर ठीक आहे, मॅडम. लॅपटॉपवाल्यांशी बोला. लॅपटॉपवाले म्हणतात, एवढ्या जुन्या मॉडेलला आम्ही मदत देत नाही. म्हणजे दोघांच्या मते सगळं ठीक आहे. बिघाड काय तो मीच.

जुन्यावर चार वेळा तुटलं. चार!! आता पावणेचारपासूनच नजर त्या कोपऱ्यात. त्रिकोण यायच्या आधीच तो येतोय असं वाटत राहतं, त्यात चुका होतात. आज 'राज्यघटना' तीनदा खोडून लिहिलं. 'राज्यघटना'! मी!

१२ जाने., सोमवार

ऋतुजाचा मेसेज. पाच जणींतली तीच काय ती मला कधीमधी लिहिते, तळेगावची, आईबरोबर राहते. तिनं लिहिलंय तसंच उतरवते : "ताई तुम्ही मधेच जाता तेव्हा वरचं वाचतो. पण ते कंसात लिहित नाही. तुम्ही (सर हसतात) लिहिता म्हणून आम्ही पण वेळेवर हसतो. ते लिहित नाही तर आम्हाला वाटतं सर रागवले."

वाचलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. कंसात लिहायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. वकीलसाहेब साक्षीदाराचं असं लिहायला लावायचे, (साक्षीदार गप्प), ती सवय. मॅडमच्या तुलनेत हे कुठल्या रकान्यात येणार? येणारच नाही.

मला हे काम सोडायचं नाही. लिहून ठेवते ठळक. मला हे काम सोडायचं नाही.

१३ जाने.

एकटी गेले, लॅपटॉप पिशवीत घालून. दुकानदारानं ओळखलं. "पत्रिका न बघणारे ना?" मी लॅपटॉप पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. एक शब्द बोलले असते तर तिथेच रडले असते. त्यालाही कळलं असावं. स्टूल पुढे केलं, पाणी दिलं.

लॅपटॉप उघडला, कुठेतरी आत आत जाऊन कार्डाचं नाव वाचलं, आणि च् केलं. मग नीट सांगितलं, अजिबात टोमणा न मारता. कार्ड जुनं आहे. नवा राउटर ज्या पद्धतीनं हाक मारतो ती या कार्डाला हाक वाटतच नाही. म्हणून यादीत नाव येत नाही. राउटर चांगला, लॅपटॉप चांगला, एकमेकांशी जुळत नाहीत. कार्डाचं नवं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजला मिळत नाही. काही राउटरांत जुनी पद्धत चालू करता येते. "तुम्ही सगळ्यात भारी मागितलात. त्यातून ती सोय काढून टाकलीय."

आणि जुन्या पद्धतीचा? "आता कोण ठेवतं हो."

बाजूला खोचायचा एक छोटा रिसीव्हर दिला, चालला तर ठेवा म्हणून. घरी लावला. लॅपटॉप बंद पडून निळी स्क्रीन. काढला.

त्याच्या बिलामागे त्यानं लिहून दिलंय : '२.४ – एन – डब्ल्यूपीए२. याच्या पुढचं काही नको.' अर्थ मला निम्मा कळला. पण वहीत चिकटवून ठेवलंय, कुठे गेले तर हेच दाखवायचं.

१५ जाने.

काल संक्रांतीची वर्गाला सुटी होती. आज गच्ची. मि.ची आयडिया. वर मोबाइलला चार काड्या येतात. त्याचा फोन, माझा लॅपटॉप, आणि चौथ्या मजल्यावरच्या चेअरमनच्या घरातून ओढलेला बोर्ड, कारण याची बॅटरी नऊ मिनिटं टिकते. डोक्यावर ओढणी, स्क्रीनवर ऊन, स्वतःचं टाइप केलेलं स्वतःला दिसेना. कापडाखाली शिकले होते ते कामी आलं. आंधळेपणानं दोन तास टाइप केलं. आणि एकदाही तुटलं नाही! एकदाही!

खाली आले तर जिन्यात नोटीस लावून तयार. 'सामाईक गच्ची वाळवणासाठी आहे. वैयक्तिक कार्यालय थाटू नये.' शाई ओली होती. बोर्ड द्यायलाही हेच चेअरमन, नोटीस लावायलाही हेच.

१६ जाने.

पुन्हा घरात. पाच वेळा तुटलं. मॅडमचा मेसेज, नुसता आकडा : ५.

मि.नं खेकडा कपाटावर टाकला आणि म्हणाला, "चुकलं माझं. त्यानं विचारलं होतं, कार्ड कुठलं." त्याच्या तोंडून 'चुकलं' ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भीतीच वाटली. त्यालाही वाटतंय की हे आता जमत नाही.

१७ जाने., शनिवार

सकाळी कसबा पेठ. तपकीर गल्लीच्या दुकानदारानंच फोन करून सांगितलं, तिथे एक इनामदार म्हणून रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्याकडे बघा. (माझा नंबर त्यानं बिलावरून काढला. माणसं कशी असतात काही कळत नाही.)

दुकान कपाटाएवढं. इनामदारकाका आत बसले की गिऱ्हाईक बाहेर. मी वही उघडून चिकटवलेली चिठ्ठी पुढे केली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही. "आधी लॅपटॉप दाखवा. चिठ्ठीवर काय नेट चालवायचंय?"

फळीवर लोकांनी टाकून दिलेले राउटर, बारातेरा. एकेक लावायचा, यादी बघायची. पहिला नाही. दुसरा आला आणि गेला. तिसरा दिसला. दिसला! मी "दिसला!" असं ओरडले की शेजारचा तांब्याची भांडी ठोकणारा थांबला.

"ओरडू नका, बसा. दिसला म्हणजे टिकला नाही."

तासभर बसवून ठेवलं. पायरीवर बसून मी काय काय टाइप करत होते, दुकानांच्या पाट्या, येणाऱ्याजाणाऱ्यांचं बोलणं. तुटलं नाही. "घेऊन जा. म्हातारा आहे, तापतो. उंचावर ठेवा, उघडा ठेवा. वर क्रोशाचा रुमाल घालायचा नाही. बायका घालतात."

१९ जाने.

कुठे ठेवायचा हा प्रश्न. शोकेसमध्ये ठेवला तर आतल्या खोलीत एक काडी. फ्रिजवर दोन. हॉलच्या भिंतीवर जुन्या घड्याळाचा खिळा आहे तिथे पूर्ण. प्लगही तिथेच हाताशी. पण तो खिळा बाबासाहेबांच्या फोटोच्या बरोब्बर वर.

पाच मिनिटं उभी होते. सासूबाईंनी लावलेला फोटो. त्याच्या वर या घरात कधी कॅलेंडरसुद्धा लागलेलं नाही. मग हात जोडले. म्हटलं, माफ करा, एकतीसपर्यंत. आणि टांगला.

चार ते सहा. एकदाही नाही तुटलं.

२० जाने.

नाही तुटलं.

२१ जाने.

नाही तुटलं. ऋतुजानं अंगठा पाठवला. आज सर तीनदा हसले.

२४ जाने., शनिवार

सहा दिवस सलग. मॅडम म्हणाल्या, "छान चाललंय, ताई." त्यांच्या तोंडून छान! मशीननं आज मुलींना काय वाचायला दिलं ते बघत होते वरच्या ओळीत. बरं लिहितं मेलं. खरंच बरं लिहितं, दिवसेंदिवस सुधारतंय. ते बघून आनंद अर्धा झाला.

मि.ला अजून दिसलेलं नाही, राउटर कुठे आहे ते. हा माणूस घरात मान वर करून बघतच नाही.

२७ जाने., मंगळवार

सहा वेळा तुटलं.

सहा. काल वर्ग नव्हता, परवा रविवार. शनिवारी ठणठणीत, आज सहा वेळा. शेवटच्या वेळी मी परत लावलंच नाही, नुसती बसून राहिले. सर बोलत होते, मशीन लिहीत होतं, आणि मी बघत होते. मुलींनाही बहुतेक काही फरक पडला नसेल. लावायला हवं होतं. लावलं नाही. लाज वाटते लिहायला.

मॅडमचा फोन घेतला नाही.

मग उठले आणि भिंतीकडे बघितलं. खिळा रिकामा. राउटर लोखंडी कपाटामागे, जमिनीवर, वर पेपरची रद्दी. मि.नं काल सव्वीस जानेवारी म्हणून फोटो खाली घेऊन पुसला, हार घातला, परत लावताना एकदाची मान वर केली. "बाबासाहेबांच्या डोक्यावर डबा? तुला काही वाटलं नाही?" हे काल बोलला नाही, कारण सणाच्या दिवशी भांडण नको. गुपचूप हलवला. चांगुलपणानं!

मी भांडले. इतकं भांडले की जोशीकाकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. तो एकच म्हणत राहिला, "दुसरीकडे कुठेही लाव. तिथे नाही." दुसरीकडे कुठे? प्लग कुठे आहे? दाखव ना!

शेवटी मी रडत रडत म्हटलं, "पाच पोरींच्या शिकण्याच्या आड आपल्या घरातला फोटो येतोय, हे बाबासाहेबांना सांगून बघ आवडतं का." आणि मलाच भीती वाटली, हे मी काय बोलले. तो गच्चीवर निघून गेला.

२८ जाने.

सकाळी उठले तर मि. कामावर गेलेला. फोटो पूर्वेच्या भिंतीवर, दारातून आल्या आल्या समोर, आधीपेक्षा हातभर उंच. नवा खिळा (ठोकल्याचं मला झोपेत कळलंही नाही), नवा हार. ही जागा खरंतर जास्त शोभते. राउटर जुन्या खिळ्यावर. खिळा ठोकताना सांडलेला भिंतीचा चुना पुसून घेतलेला.

चिठ्ठी नाही, काही नाही. संध्याकाळी चहा ठेवला तेव्हा त्यानं विचारलं, "तुटलं?" नाही, म्हटलं. "बरं."

मॅडमना फोन करून सांगितलं, काल माझ्याकडून चूक झाली. कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

३० जाने.

ठीक. उद्या शेवटचा दिवस. तुलनेत सत्तावीस तारीख येणार, ती काही पुसता येत नाही. मि. म्हणतो, नाही जमलं तर नाही. त्याला म्हटलं, नाही जमलं तर मी या घरात दिवसभर काय करू ते सांग. तो म्हणाला, "मला माहीत नाही गं." खरं बोलला.

३१ जाने., शनिवार

पाच दहाला डबा तापून अडकला. यादीतून नाव गेलं. शेवटच्या दिवशी.

मि. स्टुलावर चढला, बंद केला, वहीनं वारा घालत उभा राहिला. मी थांबलेल्या स्क्रीनपुढे हात मांडीवर घेऊन. डबा परत उठायला, लॅपटॉपला दिसायला, आत यायला मिळून सात मिनिटं. त्या सात मिनिटांत काय काय मनात आलं ते लिहीत नाही.

आत आले तर आवाजच नाही. वाटलं हेडफोन गेला. मग स्क्रीनवर वर्ग उघडला. पाचही चौकटींत पाच तळवे. मुलींनी हात वर करून, पंजे कॅमेऱ्यासमोर धरलेले. ऋतुजाचा हात दुखला असावा, तिनं डाव्या हातानं कोपराला आधार दिला होता. आणि सर गप्प. नुसते बसलेले, पुस्तकात बोट घालून. वर मशीन चालू होतं, त्यावर एकही अक्षर नाही, कोणी बोलतच नव्हतं ना.

सर म्हणाले, "आल्या का? मला बोलूच देत नाहीत." मी ते टाइप केलं. मुलींनी वाचलं, हात खाली घेतले. सरांनी पुढचा मुद्दा घेतला. पुढची चाळीस मिनिटं मी काय टाइप केलं मला आठवत नाही, बोटांनी केलं.

सव्वासहाला केतकी मॅडमचा फोन. म्हणाल्या, "ताई, मशीन चालू असूनही तुमच्यामुळे वर्ग सात मिनिटं बंद होता. हे मी रिपोर्टमध्ये तुमच्या बाजूनं लिहू की विरुद्ध?"

म्हटलं, जसं झालं तसं लिहा.

"हं," म्हणाल्या. सोमवारी कळवते, म्हणाल्या.